दुसऱ्याच खेळीला वजीर

सोम. १ डिसें.
हरले. एकोणीस खेळ्यांत. तालुक्याच्या शिक्षक संघात बुद्धिबळाला बायकांची जागा एकच, आणि सात वर्षं ती माझी होती. ठाण्याच्या जिल्हा स्पर्धेसाठी आज निवडीचा डाव झाला नि जागा गेली कविताबाईंकडे. जूनमध्ये बदली होऊन आमच्या शाळेत आली, मुरबाडकडून, गाव वैशाखरे. इथून पुढे क. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाय.
दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर! घाबरले मी. त्याला हाकलायला घोड्यापुढचं प्यादं सरकवलं, तर वजिराने मधलं प्यादं खाऊन राजाला शह दिला आणि पुढच्या खेळीला कोपऱ्यातला हत्ती उचलला. नंतरचं लिहिण्यासारखं काय.
हे संघाचे व्यवस्थापक. टाळी वाजवली. माझ्या नवऱ्याने! "सुलू, तू राखीव." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले.

बुध. ३
जेवतानाही क.च. "काय धडाडी गो तिची!" मी म्हटलं, आमटी वाढू? सात वर्षांत माझ्या डावाला काय म्हणाले? "सावध खेळतेस." बस.
पोटात दुखतंय, मान्य. इथे तरी खोटं कशाला लिहू. तिच्या डब्यातली बोंबलाची चटणीसुद्धा सगळ्यांना आवडते. मेली.

रवि. ७
हे बाजारात गेले. दार लावून पट मांडला. दुपार गेली, पण उलगडलं!!
आधी प्यादं नायच. आधी घोडा. तो मधलं प्यादं राखतो. मग घोड्यापुढचं प्यादं, की वजीर मागे. मग दुसरा घोडा बाहेर. मग पहिला घोडा उडवायचा तो परत वजिरावरच. ती वजीर घेऊन पळत राहणार आणि आपला एकेक मोहरा फुकटात घराबाहेर. दहाव्या खेळीला माझे चार मोहरे मैदानात, तिचा वजीर नि एक उंट. बाकीचे घरी झोपलेले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!
एकटीच हसले. मग ध्यानात आलं, हे वापरू कुठे? खेळणार तर ती.

बुध. १०
मधल्या सुट्टीत सहज विचारल्यासारखं विचारलं, वजीर एवढ्या लवकर का काढता?
"आमच्या गावात तसंच खेळतात बाई. माझ्या बानं शिकवला."
देशी डाव त्यांचा. प्यादं एकेकच घर चालतं. राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, पण त्याआधी शह बसला की उडी गेली. म्हणून गावात जो तो पहिला वजीर काढतो नि शह देतो. "राजाची उडी मोडली का अर्धा डाव आपला."
पण स्पर्धेच्या नियमात उडीच नाय! नियम तिला पाठ आहेत, हात मात्र गावचाच राहिला. जी उडी कुणी मारणारच नाय ती मोडायला बाई वजीर घेऊन धावते.
मी "हो का" म्हटलं नि डबा बंद केला.

शनि. १३
क. घरी आली, सरावाला. यांच्याशी तीन डाव. हे दोन हरले, तरी खूश. मी चहा करत होते, तर आत आली.
"बाई, तुमी सात वर्षं गेलात तिकडं. माझ्या खेळात खोट असंल तर सांगा. सर नुसते वा वा करतात."
सांगणार होते. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाहेरून हे, "कविताबाई, या लवकर, मांडलाय!" मला ह्या सुरात कधी बोलावलं यांनी? लग्न ठरलं तेव्हाही नाय.
म्हटलं, "कसली खोट? वजीर बिनधास्त काढा."
गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. मी काढा म्हटलं.

मंगळ. १६
दोनदा तिच्या वर्गाच्या दारापर्यंत गेले. एकदा खडू मागितला, एकदा हजेरीपट. तालुका हरेल, माहीत आहे. पण हरून यांना कळेल ना एकदा, धडाडी म्हणजे काय ते.

शनि. २० (ठाण्याहून आल्यावर)
पहिला डाव क. जिंकली. समोरची माझ्यासारखीच घाबरली. हे नाचायचे बाकी. मला राग आला. आपल्या तालुक्याची बाई जिंकली म्हणून राग! काय म्हणावं मला.
दुसरा डाव. समोर चष्मेवाली, शांत. वजीर आला, तिने घोडा काढला. प्यादं. दुसरा घोडा. वजीर इकडे, वजीर तिकडे, बाराव्या खेळीला कोंडला. मी क.च्या समोरच्या भिंतीला उभी. आनंद झाला. लिहून ठेवते, झाला.
क.ने मान वर केली. पटाकडे नाय, माझ्याकडे पाहिलं. तोंड आवरायला वेळच मिळाला नाय.
तिसऱ्या डावात तिने वजीर काढलाच नाय. तोही डाव गेला. संघ बाहेर.
जीपमध्ये हे तापले. "एवढा साधा इलाज! तुम्हाला कुणी सांगितलं नाय?"
क. म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं सर. वजीर लवकर काढू नका म्हणून. मीच आयकलं नाय."
हे मागे वळले. "सुलू, तुला कळलं होतं?" मी मान हलवली, हो. तेवढं तर खरंच होतं.

मंगळ. २३
दोन दिवस माझंच कौतुक. "नजर आहे गो तुझी. पुढच्या वर्षी तूच." हेच पायजे होतं ना? ताट अर्धं टाकून उठले.
क. शाळेत नेहमीसारखी. चटणी पुढे करते, "घ्या बाई." भांडली असती तर बरं होतं. का बोलली ती तसं? मला वाचवायला की कायमची मिंधी करायला?

बुध. २४
विचारलं शेवटी. परिपाठानंतर, मैदानात.
"सरांना तसं का सांगितलंत?"
"मग काय सांगू? तुमीच काढा म्हणालात, असं? घर हाय बाई तुमचं." मग म्हणाली, "आता तरी शिकवा."
संध्याकाळी येणार आहे. हे कौतुकाने शेजारी बसणार. म्हणणार, सांग पुन्हा तिला, मागच्या वेळी ऐकलं नाय तिने. आणि ती मान खाली घालून हो म्हणणार.
पाच वाजले. पट मांडलाय, पांढरे तिच्या बाजूला. हे ओट्यावर पेपर वाचतायत. ती यायला अजून अर्धा तास.
यांना हाक मारली. "काय गो?" म्हणाले, हसतच.
म्हटलं, जरा आत या, बसा.