म्हशी राईत नेणार न्हाई

मुक्काम वेल्हे, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८५५

हैबतीदादा आन वैनी यांस सोजराचा दंडवत. हितं समदं ठीक हाय, तुमी कामथडीला सुखात असा. पत्र शाळेचे मास्तर लिवत्यात. मी सांगंन तसंच लिवा म्हणून त्यांना बजावलंय. यंदा नाचणी बरी हाय. धनी गेल्यापास्नं दूध घेऊन मीच वाड्यावरनं खाली वेल्ह्याला येते.

तुमचा निरोप रायबा भावजींनी सांगितला. वाड्याच्या कारभारी गेनबांच्या आन पंचांच्या पाया पड, म्हशी देवीच्या राईत ने, म्हंजी वाळीत टाकलंय ते सुटंल. दादा, ते माझ्यानं व्हायचं न्हाई.

आषाढात वाड्यावरच्या म्हशी पटापटा मराया लागल्या. आपले धनी गेले. मग भोरहून गुरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, ह्या रोगाला फाशी म्हणत्यात. आजारी जनावराचं रगत पिऊन गोमाशी उठती, निरोग्याला चावती, आन रोग तिकडं जातो. माणसालाबी सोडत न्हाई. मेलेलं जनावर खोल पुरा, ओढ्याकाठच्या दलदलीत गुरं बांधू नका.

डॉक्टर गेले आन पंचांनी कौल लावला. देवी कोपलीया, समद्यांनी गुरं पाच दिस राईत बांधावी. राई ओढ्यालाच हाय. तिथं म्हशीच्या पाठीवर गोमाश्यांचा थर बसतो.

मी न्हाई म्हणले. गेनबा म्हणाले, "बाई, देवीपरीस डॉक्टर मोठा झाला व्हय?"

"देवी मोठीच," म्या म्हणलं, "म्हणूनच तिच्या दारात जनावरं माराया आणत न्हाई."

त्याच दिवशी माझ्या सहा म्हशी घेऊन वरच्या माळावर गेले. तिथं वारं असं की माशी ठरत न्हाई. ओल्या पाल्याचा धूर केला, कुडाचं खोपटं घातलं. पंचांनी माझं पाणी तोडलं. मी झऱ्याचं पिते.

राईत बांधलेल्या अकरा म्हशी मेल्या. माझी एक न्हाई गेली. मला त्याचा आनंद न्हाई, दादा. त्या म्हशी माझ्या डोळ्यांपुढं वाढल्या व्हत्या.

मग गेनबांची सून सखू, तिच्या मनगटाला फोड आला. दुखंना, पर मधी काळा. म्या तो ओळखला. वाळीतली बाई त्यांच्या दारात गेले आन म्हणलं, "आत्ताच्या आत्ता हिला भोरच्या दवाखान्यात न्या. देवऋषी बशीवला तर हिची माती करावी लागंल." गेनबांनी डोली बांधली. सखू वाचली. वाळी मातर उठली न्हाई. परवा वाड्यावरची कोंडाबाई आपल्या दोन म्हशी घेऊन गुमान माळावर आली, माझ्या शेजारी दावणीचे खुंट ठोकले.

आता जे दहाव्याला तुमच्या तोंडावर सांगवलं न्हाई ते सांगते. मास्तर थांबलेत, पर त्यांना लिवा म्हणलंय.

तुमी मला लग्नात दिलेली चांदी म्हैस आषाढात, डॉक्टर यायच्या आधी, राईत चरताना आजारी पडली व्हती. धनी तिच्यापास्नं परत आले, मान खाजवत. म्हणाले, "सोजरे, गोमाश्या जीव काढत्यात. उद्या सकाळी जातो." म्या म्हणलं, "माझ्या माहेरची म्हैस हाय. माश्यांना भिऊन घरात बसता?" ते गेले. दिसभर डहाळीनं तिच्यावरच्या माश्या वारत बसले. चांदी मेली. तिसऱ्या दिशी धन्यांच्या मानंवर काळा फोड, आन आठव्या दिशी ते गेले.

पंच म्हणत्यात, त्यांना देवीनं नेलं. तसं मानलं तर माझ्या माथ्यावरचं उतरतं. पर मग उद्या दुसरी कोणतरी आपल्या माणसाला तसंच धाडंल. म्हणून मी देवीवर ढकलणार न्हाई. माशीनं नेलं, आन धाडलं म्या. हे मी पंचांसमोरबी बोलंन.

तुमी माझ्याशी बोलू नका, दिवाळीला नेऊ नका, ते मला मान्य हाय. पर पाया पड म्हणून पुन्हा सांगावा धाडू नका.

माळावरून,
आपल्या धन्यांना राईत धाडणारी,
तुमची बहीण सोजरा