पळसाखालची बाई

प्रिय शकूताई,

तुम्ही गेल्याला या फाल्गुनात दोन वर्षं झाली. दोन वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलायचं मी टाळलं. आज मात्र अंगणवाडीच्या पायरीवर बसून हजेरीच्या जुन्या वहीतलं कोरं पान फाडलंय. पोरं घरी गेलीत. खिचडीचं पातेलं तसंच पडलंय. परवा जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तुम्हाला ते माहीत असेलही. मला तर वाटतं, तुम्ही तिथेच होतात.

होतात ना?

फाल्गुन लागला की तुम्हाला चार भिंतींत कसं ते बसवायचंच नाही. सोळा पोरांची रांग करून निघायचात नाल्याकाठच्या पळसाकडे. तिथं सगळी शाळा झाडाखालीच पडलेली असायची. चिंचोक्यांचे पाच-पाचाचे ढीग, शिरीषाच्या वाळक्या शेंगांचे खुळखुळे, करवंटीत गवत आणि कापूस घालून केलेलं चिमणीचं घर. पळसाची फुलं कोमट पाण्यात कुस्करून केशरी रंग करायचा आणि त्यात बुडवलेले हात भिंतीवर उमटवायचे. आणि तुमचा तो पोपट! झाडूच्या काडीवर फूल खोचलं की झाला पोपट, बाकदार चोचीसकट. डोळ्याला मोहरीचा दाणा. पण डोळा तुम्ही घरी जाताना लावायचात. पोरं हट्ट करायची तर सांगायचात, "आत्ते डोया नको लावू, उडी जाई."

मी मदतनीस. पोरं घरून आणायची, झाडायचं, खिचडी रांधायची. केशरी हात सगळीकडे पुसले जायचे, ते मलाच धुवावं लागायचं. मी कुरकुर केली की तुम्ही हसायचात. "रंजना, पोरेसना हात गारामा जाऊ दे व! हात शिकनात ते डोकं आपोआप शिकस."

पोरांचे हात चिखलात जाऊ देत, हात शिकले की डोकं आपोआप शिकतं. आता मीटिंगमध्ये हेच मोठ्या शब्दांत सांगतात, ताई. मी मान डोलावते आणि मला तुम्ही आठवता.

त्या दिवशी सकाळी आपलं भांडण झालं होतं. तुम्हाला आठवतं? मला म्हणालात, "आज तू बी चाल पळसखाले. मन्हा हात भरी येल शे." हात भरून आलाय म्हणालात, डावा. मी म्हणाले, "मंग खिचडी कोन करी?" आणि पातेलं आपटलं. तुम्ही पोरांना घेऊन गेलात.

डाळ चुलीवर चढवली होती, तेव्हा दुर्गा एकटीच पळत आली. पाच वर्षांची पोर. दारात उभी राहून म्हणाली, "बाई जपी गई. उठत नई."

ताई, मी हसले. खरंच हसले! म्हटलं, झोपू दे, दमली असेल तुमची बाई. दुर्गाला गुळाचा खडा दिला आणि परत पाठवलं. डाळ शिजली, तांदूळ शिजले, झाकण ठेवलं, हात पुसले आणि मग गेले. अर्धा तास तरी गेला असेल.

तुम्ही खोडाला टेकून बसला होतात. पोरं भोवती गोल करून गप्प बसली होती, तुमची झोप मोडू नये म्हणून. तुमच्या मांडीवर त्यांनी पोपट मांडून ठेवले होते. एकालाही डोळा नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? मी म्हणाले, आत्ताच. दहाव्याला तुमच्या जयश्रीनं माझे हात धरले. "मावशी, आईले तरास व्हयना का?" मी म्हणाले, नाही गं, क्षणात गेली, मी शेजारीच होते. मी शेजारी नव्हते, ताई. मी मीठ चाखत होते.

दुर्गाचे आईवडील त्याच उन्हाळ्यात तिला घेऊन सुरतेला गेले, ते परत आलेच नाहीत. माझी जीभ मी आवळली. मग तुमच्या जागी सेविका म्हणून मलाच घेतलं. मदतनिसाची जागा अजून रिकामी आहे, म्हणून शिकवते मी आणि रांधतेही मीच. पण पोरांना पळसाकडे एकदाही नेलं नाही. भिंती रंगवून घेतल्या, तुमच्या पोरांचे केशरी हात बुजवले आणि त्यावर फळांचे तक्ते लावले. वसंत ऋतूचं फूल कागदाचं, डिंकानं चिकटवलेलं. किती स्वच्छ दिसतं म्हणून सांगू!

आता ऐका. गेल्या आठवड्यात सहा पोरं मुठीत पळसाची फुलं घेऊन आली. तीन-साडेतीन वर्षांची, यंदाच नाव घातलेली. तुम्हाला पाहिल्याचं आठवेल अशी त्यांत कुणीच नाही. माझ्या झाडूच्या काड्या उपसून त्यांनी फुलं खोचली. गुबगुबीत राधाचा पोपट पाहून मला राहवलं नाही. मोहरीचा दाणा घेऊन डोळा लावायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"डोया नको लावू. उडी जाई."

माझ्या हातातून दाणा पडला. "कोन सांगं तुले?"

"बाईनी."

"बाई ते मीच शे ना?"

"तू नई. ती जपेल बाई."

जपेल बाई. झोपलेली बाई. भर अकरा वाजता माझ्या पाठीवर काटा आला. मग स्वतःची समजूत घातली, की थोरल्या भावाबहिणींनी सांगितलं असेल. त्यांतले चारपाच जण त्या दिवशी होतेच की तुमच्याभोवती.

पण मोगीचं काय करू? मोगी यंदाच आली. डोंगरातल्या घरची पोर, जन्मली गुजरातेत, उसाच्या फडावर. घरात भिली बोलतात. दोन महिन्यांत तिच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नव्हतं. नुसती टुकूटुकू बघायची. तिला ना भाऊ ना बहीण.

परवा राधाचं कपाळ सकाळीच कोमट लागलं होतं. उन्हातून आली असेल म्हणून मी सोडून दिलं. डाळ चुलीवर होती. दाराची कडी मी लावली होती, हे मी शपथेवर सांगते. आणि पाठीमागून आवाज आला, सपाट, लहान.

"बाई जपी गई. उठत नई."

वळले तर दारात मोगी. दार उघडं. तिच्या कपाळावर ओला केशरी ठसा होता, पाच बोटांचा. तो हात मोगीचा नव्हता, ताई. मोठ्या माणसाचा होता.

या वेळी मी काही विचारलं नाही. पातेलं तसंच टाकून पळाले. चप्पल घातली नाही. बांधावर काटे रुतले ते रात्री उपसले. पळताना मला ठाऊक होतं, तिथं तुम्ही बसलेल्या दिसणार. खोडाला टेकून, तशाच.

तुम्ही नव्हतात. राधा होती. अंग तापलेलं, डोळे पांढरे, हातपाय आखडून थाड थाड उडत होते. तापाचा झटका. पण ती उताणी नव्हती. डाव्या कुशीवर होती, गालाखाली तिचाच हात नीट घडी करून ठेवलेला, तोंडातला फेस बाहेर गळत होता. झटका आलेल्या पोराला कुशीवर वळवायचं, हे प्रशिक्षणात तुम्हीच तर जमिनीवर झोपून आम्हाला करून दाखवलं होतं! राधा सोळा किलोची. मोगी अकराची. दोघींना मीच तराजूवर घेतलंय.

राधाला खांद्यावर टाकून मी रस्त्यावर आले. पहिली जीप मिळाली ती थांबवली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, अंग पुसलं, आणि तासाभरानं तिनं पाणी मागितलं. ती कशी सापडली ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. कुशीवर कुणी वळवलं हिला? चांगलं केलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या बाईंनी."

राधाची आई धावत आली, पदर सुटलेला. "ताई, मन्ही पोर तठे गयीच कशी?"

कडी निघाली असेल, वारा असेल, पोरंच ती. सगळी उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती, दोन वर्षांपूर्वीसारखीच. पण मी म्हणाले, "मन्ही चूक शे. सकायलेच आंग कोमट लागनं व्हतं, मी ध्यान दिधं नही. मन्हं ध्यान चूलवर व्हतं." ती मला मारेल असं वाटलं. पण माझ्या पायातले काटे बघून ती खाली बसली. म्हणाली, "पाय रगतबंबाय व्हयना तुन्हा." एवढंच.

काल मोगीच्या घरी गेले. तिच्या आईला सगळं विचारलं. ती हसली, अडखळत मराठीत म्हणाली, "बाई, आमची पोरी तुमची बोली नाय बोलत. एक सबद नाय येत तिला." मोगी माझ्याकडे टुकूटुकू बघत होती. कपाळ धुतलेलं होतं, पण केशरी अजून थोडं दिसत होतं.

मी तुमच्यावर रागावलेय, ताई. माझ्याशी बोलायचं होतं तर माझ्या स्वप्नात यायचं! सेविकेला घाबरवायला साडेतीन वर्षांच्या पोरीचं तोंड कशाला वापरायचं? आणि पोरांना तुम्हीच बोलवत असाल, तर ती आजारी पडतील, नाल्यात उतरतील, याचा विचार नको होता का? का तुम्ही बोलवत नव्हतातच? मी त्यांना भिंतीत कोंडलं म्हणून ती आपली आपण जात होती, आणि तुम्ही तिथं बसून फक्त राखण करत होतात? मला कळत नाही. आज पायरीवर बसून नाल्याकडे बघतेय, तर झाडाखाली काहीतरी केशरी हलतंय. फुलंच असतील.

तुम्ही आता उठा तिथून. सोमवारपासून पोरांना मी नेते. राधाची आई म्हणाली, खिचडी ती बघेल. तक्ते काढून टाकते आणि भिंत मोकळी करते. हाक मारायची झाली तर मी मारीन, तुम्ही मारू नका.

आणखी एक वचन देते. उद्या रविवार. सकाळच्या एस.टी.नं ब्राह्मणपुरीला जाते, जयश्रीच्या सासरी. तिच्या ओट्यावर बसून तिला सांगते, की तुझी आई क्षणात गेली का, ते मला माहीत नाही. मला बोलावणं आलं होतं आणि मी अर्धा तास गेले नाही. ती मला उंबऱ्यावरून हाकलेल, किंवा रडेल, किंवा दोन्ही. मी ऐकून घेईन. तिनं आई कशी बसली होती हे विचारलं, तर तेही सांगेन, पोरांनी मांडी कशी भरली होती तेही. सांगितल्याशिवाय परतीच्या गाडीत पाय ठेवणार नाही.

तुमची,
रंजना