सूनही घरीच असते

चामटोली, मंगळवार, दिवेलागण

मी सांगते, सून सुनंदा लिहिते. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र भरपूर चालतं. आज तेच नडलं.

सुनंदाची लेक, माझी नात वैशाली सरकारात अर्थतज्ज्ञ आहे. घरातल्या, शेतातल्या बायकांचं काम सरकारने कामात धरावं, म्हणून वर्षानुवर्षं साहेबलोकांशी भांडते. आज ती रजेवर घरी, आणि नेमके सर्वेवाले मास्तर आले. मी ओटीवर मेथीच्या जुड्या बांधत होते.

"आजी, काम काय करता?"

"कसलं काम बाबा? घरीच असते."

"आणि सूनबाई?"

"तीही घरीच."

सून तेव्हा बदलापूरच्या बाजारात भाजी विकत होती! पण परक्या माणसापुढे घरच्या बायका राबतात म्हटलं, तर घराची शोभा जाते, असंच वाटत आलं ना. बोलताना जुड्या बांधायच्याही थांबले नाही मी.

वैशाली दारात उभी होती. मास्तर गेल्यावर म्हणाली, "आजी, मी सगळ्या मीटिंगांत आईचंच उदाहरण देते गं."

मी जुड्या टोपलीत भरायला घेतल्या. एरवी तिची थट्टा करायला मी पुढे.

आता सुनंदाला विचारलं, "रागावलीस का गं?"

मान वर न करता म्हणाली, "नाही हो, आई. मला विचारलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं."