भाऊसोची मोटार चालू असताना

मी, जोतीराम लालासाहेब माने, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, लष्कराच्या सिग्नल पलटणीतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. नाही म्हणणारा एकच, माझा मेव्हणा भाऊसो, आणि त्यालाच खाली साक्षीदार केला आहे.

१. राहते घर व विहिरीकाठचे रान माझी एकुलती मुलगी लीला हिचे. जावईबापूंनी रान विकायची गोष्ट काढल्यास तिने त्यांना आधी एक हंगाम उसाला पाणी पाजायला लावावे, मग बोलावे.

२. पोस्टातल्या शिल्लकेतून प्रथम कॅसेट रेकॉर्डर घ्यावा. जावईबापूंचे मन रेडिओ जोडलेल्या चकचकीत मशीनवर आहे. ते घेऊ नये. सेलवर चालणारे, मागे वायर जोडता येईल असे साधे मशीन घ्यावे. स्पीकरपुढे माइक धरून आवाज उतरवला तर त्यात चिमण्या येतात आणि शेजारची रंगुबाईही येते. कॅसेट साठ मिनिटांचीच आणावी. त्याहून लांब असली की फीत पातळ असते, आत गुंता होतो.

३. माझा जुना, मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर तोवर कोणी मोडीत घालू नये. त्यावरच्या एका चकतीत माझी बायको अंजना हिच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ती गेली तेव्हा लीला चार वर्षांची होती, तिला आईचा आवाज आठवत नाही. आता लीलाला दिवस गेले आहेत. तिच्या लेकराने आजीचा आवाज ऐकावा, आणि तो खरा ऐकावा, एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे रीतीपुरती.

खरा म्हणायचे कारण सांगतो. मी रजेवर आलो होतो. अंजना म्हणाली, "दिवसाढवळ्या दळत बसले तर रंगुबाई हसंल." पण पहाटे माझे डोळे उघडेनात, म्हणून तिला दुपारीच जात्यावर बसवली. शेजारच्या विहिरीवर भाऊसोची मोटार चालू होती, आणि ही भावाच्याच कौतुकाच्या ओव्या गात होती. माझे नाव एकीतही नाही. असो.

अंजना गेल्यावर मोटारीची कटकट नको म्हणून मी ती बंद झाल्यावरच फीत लावायचो. आवाज चिरका यायचा, घाईघाईचा. भाऊसोने ऐकले आणि ताडकन उठला. "ही माजी आक्का न्हवं. तुमच्या मशीननं तिचा पोपट केला." मी त्याला उंबऱ्याबाहेर काढला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

यंदा शिमग्यानंतर एका दुपारी मोटार चालू असतानाच, चिडून, मी फीत लावली. अंजना गायली. तिचाच आवाज, सावकाश, भरलेला. वर पाहिले तर अंधाऱ्या माजघरातला दिवा मिणमिणत होता. भाऊसोची मोटार सुरू झाली की आमच्या लाइनीची वीज मंदावते आणि मशीन रेंगाळते. उतरवतानाही ते तसेच रेंगाळले होते, म्हणून पुऱ्या विजेवर ती फीत धावत सुटायची.

मी बांधावर जाऊन हाक मारली, "भाऊसो, मोटार बंद करू नगं रं."

"आवं दाजी, आज माज्या मोटारीची लय माया आली?"

त्याला घरात आणला. पहिल्या ओवीलाच त्याने पटका डोळ्यांना लावला. "हाय, आक्काच हाय," एवढेच म्हणाला. मलाही रडू आवरले नाही.

४. सबब, ओव्या दिवसाच कॅसेटवर उतरवाव्यात. जुने मशीन लाइनीच्या विजेवर, नवे सेलवर म्हणजे ते एका चालीने फिरेल, आणि भाऊसोची मोटार चालू. त्यासाठी त्याला मानाने बोलवावे. मी असलो तर हे काम मीच करीन. सेल आणून ठेवले आहेत.

५. भाऊसोला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. बहिणीचा आवाज ऐकायला मिळणे ही मिळकत धरतात का, हेही मी विचारून घेतले. धरत नाहीत. तरी तो येईल तेव्हा त्याला ऐकवावा, आणि चहा करावा.

रहिमतपूर, दिनांक १४ एप्रिल १९७९
सही: जोतीराम लालासाहेब माने

साक्षीदार:
नानासो बाबुराव भोसले, रेडिओ दुरुस्ती, कोरेगाव
भाऊसो ज्ञानू कदम, रहिमतपूर. मोटार चालू ठिवून सहीला आलोय. दाजी, मशीन लावा.