समाधानने वळवलेला हेडर

मी, सुखदेव तुळशीराम मेश्राम, वय ६७, धंदा मोटारींचे हेडर बनवणे, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत, म्हणून घाई.

१. राहते घर मुलगा पृथ्वीराज याला द्यावे. त्याचा वारज्यात फ्लॅट आहे, तेव्हा तो हे घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त दारातला कढीपत्ता त्याच्या दिवंगत आईने, राधाने, लावलेला आहे. तो तोडू नये एवढे घेणाऱ्याला सांगावे.

२. शेड, वेल्डिंग मशीन, पाइप वाकवायचे साचे आणि गिऱ्हाइकांची कटकट मुलगी पूर्वा हिला. बारा वर्षे ती माझ्या बरोबरीने राबली आहे. पृथ्वीराजला शेड पाडून दुकाने काढायची आहेत. हा कागद नसेल तर अर्धी शेड त्याची होईल आणि दुकाने निघतीलच.

३. लाल गाडीही पूर्वाला. घाटातल्या शर्यतीत तीच ती चालवते. इंजिनाच्या चार तोंडांचा धूर एका नळीत आणतो तो हेडर. भिंतीवर दोन टांगले आहेत, एक गाडीला आहे. भिंतीवरचा चकचकीत पृथ्वीराजने ऑनलाइन मागवला. तो दिसतो छान, टांगलेलाच राहू द्यावा. गाडीला आहे तो माझा. त्यात चारही नळ्या एकदम जुळतात, लांब सरळ रस्त्यावर गाडी सुसाट जाते. तिसरा माझा पूर्वीचा भागीदार समाधान गजभिये याने वळवलेला. त्यात आधी दोन-दोन नळ्या जुळतात, मग एक होते, आणि गाडी वळणातून जोर धरते. घाटात सरळ रस्ता असतो कुठे? एकदा कोणाला न सांगता मी समाधानचा बसवून दिवे घाट चढलो. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन रडलो. परत येऊन माझाच बसवला. पूर्वाने आता समाधानचा बसवावा.

४. हे कलम लिहायला मला सत्तावीस वर्षे लागली. पाइप चेपू नये म्हणून आम्ही त्यात वाळू भरायचो, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचो आणि मग तापवून वाकवायचो. वाळू आधी भाजून कोरडी करावी लागते, नाहीतर आत वाफ धरते. भाजायचे काम माझे, भरायचे समाधानचे. त्या दिवशी गिऱ्हाईक डोक्यावर बसले होते. मी वाळू भाजली नाही, भाजली असे सांगितले. बूच उडाले आणि समाधानचा डावा डोळा गेला. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी म्हणालो, "बूच सैल ठोकलं याने." त्याने धंदा सोडला, आज मंडईत भाजीचा गाळा चालवतो. बूच घट्टच होते. चूक माझी होती आणि खोटेही मीच बोललो.

५. समाधानला मी काहीही देत नाही. ज्याला द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. हा कागद त्याला पूर्ण वाचून दाखवावा, मगच त्याने सही करावी. त्याने नाही म्हटले तर दुसरा साक्षीदार शोधू नये, मृत्युपत्र फाडून टाकावे.

पूर्वा म्हणाली, "बाबा, तुमच्या पापासाठी माझी शेड का टांगणीला लावताय?" मी म्हणालो, "माझ्या एका शब्दाने त्याचं काम गेलं. आपलं राहायचं तर त्याच्या शब्दाने राहू दे." तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मंडईत जाऊन समाधानला तीच घेऊन आली.

वरील मजकूर माझा आहे. दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सुखदेव तुळशीराम मेश्राम
हडपसर, पुणे. दि. ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:

१. डॉ. नम्रता आगाशे (सही)

२. समाधान गजभिये (सही)
सगळे ऐकले. हेडर बसवताना सांध्यातले गॅस्केट नवे घालावे. वाळू तेव्हाच हाताला ओलसर लागली होती. तू भाजली म्हणालास, म्हणून भरली.