माझ्या पिशव्या, तिचा नंबर

४ मार्च
डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा. म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली! खांद्याचं वंगण संपलंय म्हणे — अजून सहा महिने शिवत राहिले तर हात वर होणार नाही. सोडा काय! पाय जन्माचा अधू, वय बावन्न. ह्या पिशव्यांच्या कारखान्यात आले तेव्हा सात ठिकाणांहून परत पाठवलेली होते मी. आता नववं कोण घेणार?

वहिनीला सांगितलं नाही. आज "वन्सं, तुमचा केवढा आधार" म्हणते. उद्या काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

७ मार्च
तपासणीच्या टेबलावरची बाई महिनाअखेर जाणार! ती जागा मला हवी. पिशवी उलटायची, शिवण बघायची, खांद्याला काही नाही. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं — कारखाना त्यांनीच उभा केलाय, शब्द त्यांचाच. "बाहेरून कुणी आणणार नाही. जिच्या पिशव्या सगळ्यात सरस, तिला टेबल." माझ्याच सरस आहेत. वहीत कसली लाज!

१२ मार्च
कारखाना बघायला पाहुणे आले. ताईंचं भाषण आता मलाही पाठ आहे — दोरा कोपऱ्यावरच्या दुकानातून, बायका ह्याच वस्तीतल्या, जिला कुणी काम देत नाही तिला पहिली खुर्ची, नफा परत कामात. सगळं खरं आहे. म्हणून तर जास्त चीड येते! कॅमेरावाला म्हणतो, "मावशी, कुबडी जरा पुढे घ्या, दिसू दे." घे बाबा, कुबडीचाच फोटो घे. शिवण कुणी बघितली नाही. एकानंही नाही.

१५ मार्च
झोप नीट नाही. एक गोष्ट लिहूनच टाकते.

प्रत्येक पिशवीच्या आतल्या खिशात शिवणारीच्या नंबरची चिठ्ठी जाते. माझा अकरा. शेजारच्या मशीनवर निवांतबाई — बारा. नाव आम्हीच पाडलं. हात थरथरतात तिचे, दिवसाला चार पिशव्या, त्यातल्या दोन तिरक्या म्हणून उसवून टाकायच्या. दिवसाला आठाच्या खाली गेलं की इथेही घरी पाठवतात. पहिली खुर्ची म्हणे! म्हणून तीन वर्षं मी रोज माझ्या सहा पिशव्यांत बाराची चिठ्ठी घालतेय. ती नको नको म्हणायची. मीच दटावलं, "गप बस, पोरगी शिकतेय ना तुझी?" पकडलं तर दोघींनाही दार दाखवतील.

२० मार्च
फळ्यावर लागलं. नंबर बारा!!

निवांतबाई! मी वेडी — तिच्याबद्दल कुणाला शंका येऊ नये म्हणून चांगल्यातल्या चांगल्या निवडून तिच्या वाट्याला घालत होते. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा! ताईंनी टाळ्या वाजवल्या. "हात थरथरतात तरी बघा काय शिवते!" निवांतबाई पांढरीफटक. माझ्याकडे बघत होती. मी मशीनमध्ये डोकं घातलं.

२१ मार्च
बोलले नाही तिच्याशी.

२३ मार्च
तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. "बोल ना गं. मी टेबल घेणार नाही. शपथ." मी म्हटलं, "मॅडम, मला काम आहे." एवढंसं तोंड झालं तिचं. मला बरं वाटलं. हो, वाटलं!

आज खांदा इतका दुखला की वेणी वहिनीनं घातली. "काय झालंय?" — "काही नाही." तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि वेणीचं टोक बांधलं.

२५ मार्च
उद्या सकाळी ताईंकडे जाणार. मीच चिठ्ठ्या घातल्या म्हटलं तर मीही गेले. म्हणून सांगायचं — तिनं बदलल्या, माझ्या नकळत. नीट विचार केलाय. तिला काढतील. काढू देत! पोरगी काय माझी आहे? मी काय धर्मशाळा उघडलीय? तीन वर्षं खांदा माझा झिजला, तिचा नाही.

 

२६ मार्च
तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाल्या, "बसा. बारा नंबर काल संध्याकाळी येऊन गेली. तुमच्या पिशव्यांतल्या चिठ्ठ्या तीच बदलायची म्हणे, तीन वर्षं. तुम्हाला पत्ताही नव्हता, टेबल तुमचंच, असं सांगून रडली. मला तिला काढावं लागलं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.