केसभर उजवीकडे

शिरूर,
बुधवार, ८ नोव्हेंबर २००६

प्रिय चांगदेवा,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुला आधी वाटेल की आमच्याकडे कुणीतरी गेलं. तसं काही नाही. सगळे जिवंत आहेत आणि नेहमीसारखे एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. काल दुपारी सीमावहिनींचा फोन आला. तू ड्यूटीवर होतास, ती वेळ साधून त्यांनी केला होता. येत्या सोमवारी तुझी मेडिकल आहे आणि ती तू स्वतः मागून घेतली आहेस, हे ऐकून मला आधी हसू आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तू रेल्वेकडे स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मग त्या म्हणाल्या, "भावजी, ते डॉक्टरला सांगणार हायेत, माझा हात चालत न्हाई, मला इंजिनावरनं उतरवा म्हणून." तेव्हा हसू जे गेलं ते अजून परत आलेलं नाही.

रात्री आठला तू घरी आला असशील असा हिशेब करून मी फोन लावला. तू उचललास, आणि मी तुला विचारलं की दौंडला थंडी पडली का. शिरूर आणि दौंड यांच्यात पन्नास किलोमीटर. थंडी काही एसटीचं तिकीट काढून येत नाही. तूही शहाण्यासारखं "पडली, पण पहाटंची" असं उत्तर दिलंस आणि आपण दोघांनी फोन ठेवला. म्हणून हे पत्र. कागदापुढे थंडीची चौकशी करून पळता येत नाही.

इकडे दुकानात टेबलावर एका साहेबांची पेटी उघडी पडली आहे. रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर मारामारीचे गेम खेळायला त्यांना व्हिडिओ गेम पार्लरसारखी स्टिक हवी आहे. सागवानी पेटी, लाल बटनं, दांडीवर काळा लट्टू. "ओरिजिनल फील आला पाहिजे," असं तीनदा सांगून गेले. मी म्हटलं, साहेब, ओरिजिनल फील हवा असेल तर पाठीमागं पंधरा माणसं उभी करा आणि प्रत्येकाला सांगा की 'असं नाही, असं मार' म्हणून ओरडत राहा. ते हसले, पण मला वाटतं त्यांनी ते मनावर घेतलं. काम फार नाही. दांडी, तिच्या चारी बाजूंना चार पत्त्या, खाली स्प्रिंग. दांडी ज्या बाजूला झुकते तिकडची पत्ती टेकते आणि पडद्यावरचा गडी तिकडे हलतो. तिरपी केली की दोन पत्त्या एकदम टेकतात. दोन दिवसांत मी ती चार वेळा उघडली आणि चार वेळा बंद केली. उजवीकडे तिरपी करून बघतो, डावीकडे तिरपी करून बघतो, उठतो, एसटी स्टँडपर्यंत जाऊन येतो, परत उघडतो. सकाळी धुरपदा म्हणाली, "आवं, उंदीर पेटीत शिरलाय का तुमच्यात?" तिला काय सांगणार.

शंकररावांचं दौंडचं पार्लर आठवतंय ना तुला? अर्ध्या जागेत पिठाची गिरणी आणि अर्ध्या जागेत चार गेम. पिठाने बिघडणारे गेम साऱ्या जगात फक्त त्यांच्याकडे असतील. दर रविवारी मी शिरूरहून यायचो, पत्त्यांवरची साय खरवडायचो, स्प्रिंगा बदलायचो, आणि शंकरराव दर रविवारी म्हणायचे, "पोपटराव, ह्या येळंला तरी टिकल असं करा." बाजरीला गेम कळत नाही, हे त्यांना कधी पटलं नाही. तू ड्यूटी उतरून तसाच डबा हातात घेऊन यायचास. कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत एकटा तू चौतिशीचा. पोरं तुला मामा म्हणायची आणि मामाकडून मार खायची. तुझी जागा ठरलेली, मशिनीच्या डाव्या बाजूची. तुझा गडीही ठरलेला, तो दाढीवाला. त्याच्या हातातून जळता गोळा सुटायचा तो दांडीच्या एकाच चालीवर: खाली, मग तिरपं, मग पुढे, आणि बटन. बाकीचे दांडी उपटून घरी न्यायची असल्यासारखे धरायचे. तू उजव्या हाताच्या दोन बोटांत धरायचास. तुझ्या त्या बोटांसाठी मी स्प्रिंग कापून हलकी केली होती, लट्टू घासून बारीक केला होता. ते कुणाला माहीत नव्हतं. स्टिक चालते तोवर ती बनवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. बिघडली की मात्र सगळ्या गावाला त्याचा पत्ता पाठ असतो.

आता तो मे महिना. अठ्ठ्याण्णव साल. यवतचा सम्राट तुझ्याशी खेळायला आला आणि गिरणीत दळण टाकायला आलेल्या बायकासुद्धा परत जाईनात. पोरगं तयारीचं होतं, तुझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आदल्या रविवारी तू मला सगळ्यांदेखत बजावलं होतंस, "पोपट, दोन्ही स्टिका सारख्या ठेव. न्हाईतर जिंकल्याची चव लागायची न्हाई." पहिली फेरी तू घेतलीस, दुसरी त्याने. तिसरीत तू त्याला पार कोपऱ्यात नेलंस, एक गोळा लागला असता की संपलं होतं. तेवढ्यात त्याचा गडी उडी मारून तुझ्या गड्याच्या डोक्यावरून पलीकडे उतरला. आता तोंडं फिरली. गोळा उजवीकडे नाही, डावीकडे टाकायचा. तू टाकलास. खाली, तिरपं, डावीकडे, बटन. दाढीवाला नुसता बसला आणि उठला. तू परत टाकलास, तो परत बसला आणि उठला. तिसऱ्यांदाही तेच. शाळेत उठाबशा काढाव्यात तसा तो उठाबशा काढत असताना सम्राटने त्याला आडवा केला.

त्यानंतर जे झालं ते मला विसरता येत नाही आणि तुला तर त्याहून नाही. सम्राट स्वतःच म्हणाला, "मामा, स्टिक बघून घ्या. मला गडबड वाटती." जिंकलेल्या पोराने असं म्हणावं. शंकररावांनी मला पुढे ढकललं. मी स्क्रूड्रायव्हर काढला, सगळ्यांसमोर झाकण उघडलं, आत हात घातला, काही वेळ खाटखूट केली, आणि दांडी चारी बाजूंना फिरवून सांगितलं, "स्टिक ठीक आहे. हात चुकला." तू मान हलवलीस. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघितलंस की जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि चुकून तुझ्याकडे राहिला होता.

तू पार्लरला येणं सोडलंस, ते मी समजू शकतो. पण पुढच्या वर्षी आमच्या घरी आलास तेव्हा चहाचा कप डाव्या हाताने उचललास. दाढी घरी करायचास, ती सलूनमध्ये करायला लागलास. आमच्या भाग्यश्रीच्या बारशाला धुरपदेने बाळ तुझ्यापुढे धरलं तर तू दोन पावलं मागं सरकून म्हणालास, "सीमाकडं द्या, माझ्या हाताचा भरवसा न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जास्त. त्यानंतर तू त्याच हाताने किती गाड्या नेल्यास आणि आणल्यास, चांगदेवा. हजारो माणसं डब्यात झोपून गेली आणि आपापल्या गावाला उतरली. ते सगळं तू धरतच नाहीस. तू धरतोस तीन गोळे. आता सप्टेंबरात यार्डात तुझं इंजिन डब्यांना जरा जोरात लागलं, एकाचा चहा सांडला, आणि तू घरी येऊन वहिनींना म्हणालास, "आठ वर्सं झाली, हात तवापास्नंच गेलाय."

स्टिक ठीक नव्हती. त्या दिवशी मी पहिल्या एसटीने आलो होतो. शंकरराव शटर उघडून दूध आणायला गेले, तेवढ्यात मी तुझ्या बाजूचे चार स्क्रू सैल केले आणि दांडी मधोमध असते ती केसभर उजवीकडे सरकवली. तू डावीकडे बसणार, गोळा उजवीकडे टाकणार. नुसता हात लावला की सुटावा, एवढाच विचार. तू मागितलं नव्हतंस, उलट नको म्हणाला होतास, म्हणून तुला सांगितलं नाही. उडी मारून माणूस पलीकडे जातो हे मी दोन वर्षं दर रविवारी बघत होतो, आणि नेमकं तेच माझ्या डोक्यात आलं नाही. उजवीकडे जेवढं हलकं झालं तेवढंच डावं तिरपं मेलं होतं. तिथे कुणाचाही गोळा सुटला नसता. मी झाकण उघडून आत हात घातला तेव्हा अंगठ्याने दांडी परत मधोमध आणली, स्क्रू आवळले, आणि मग तोंड उघडलं. ड्रायव्हर आणि मेकॅनिक मिळालेले आहेत असं लोक म्हणाले असते, मी तुझी अब्रू वाचवली, असं आठ वर्षं मी स्वतःला सांगत आलो. माझी वाचवली, हे सांगायला फोनवर थंडी आडवी आली. आज तुझ्या हाताला काय झालंय, काही झालंय की नाही, मला माहीत नाही. यार्डात जे झालं ते डॉक्टरांना सगळं सांग, एक अक्षर लपवू नकोस, आणि ते म्हणतील ते ऐक. पण आठ वर्षं सांगू नकोस. तेवढी तुझ्या हाताच्या नावावर नाहीत. हे पत्र दौंडच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, उद्यापर्यंत तुला मिळेल. रविवारी सकाळी न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने मी येतोय. वहिनींना चहा टाकायला सांगू नकोस. दार तू उघड, आणि ज्या हाताचा तुला भरवसा नाही त्याच हाताने माझ्या कानाखाली एक ठेवून दे. मागेपुढे बघू नकोस, मी हलणार नाही. सोमवारी डॉक्टरांनी विचारलं की हात कसा आहे, तर आदल्या दिवशीचं तरी काही सांगायला होईल.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
पोपट